रेष आखून झाली की गप्प राहा: हवामान बदल आणि विस्थापनाबद्दल वस्तीला बोलतं करणारी कला

2007 साली ईव्ह मोशर नावाची एक चित्रकार न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून एक छोटा गाडा ढकलत हिंडत होती. मैदानावर फक्की मारायला वापरतात तसला. समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीची रेष ती खडूच्या पुडीनं जमिनीवर आखत होती. ब्रुकलिन आणि मॅनहॅटनचा खालचा भाग मिळून ही रेष सुमारे 70 मैल भरली. मोठं वादळ आलं तर पाणी इथवर येऊ शकतं, एवढाच तिचा अर्थ. येणारे-जाणारे थांबून विचारत, "हे काय चाललंय?" मोशरचं खरं काम त्या प्रश्नापासून सुरू व्हायचं. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2012 मध्ये, सँडी वादळाचं पाणी त्या किनाऱ्यावरच्या अनेक वस्त्यांमध्ये शिरलं.

त्या रेषेत बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मला तिच्यातलं तेच सर्वांत मोलाचं वाटतं. पुरं झालेलं चित्र भिंतीवर टांगलं की बघणारा मागे हात बांधून उभा राहतो, "छान आहे" म्हणतो आणि निघतो. अर्धवट गोष्टीपाशी मात्र माणूस घुटमळतो. रेष आपल्या दारावरून गेली की ती ओलांडूनच घरात जावं लागतं, आणि ओलांडताना तोंडून काहीतरी निघतंच. हवामान बदलाची माहिती लोकांना पुष्कळ मिळते. ती आपल्या उंबऱ्याशी लावून मोठ्यानं बोलायची जागा मिळत नाही. तशी जागा कशी तयार करायची, ते इथे क्रमानं सांगते. त्यासाठी चित्रकला यायला हवी असं नाही. धीर मात्र हवा.

पहिली पायरी: कोणाशी आणि कशाबद्दल, हे एका प्रश्नात लिहा

"हवामान बदलाबद्दल जागृती" असं कुठे लिहिलं असेल तर आधी ते खोडा. जागृती म्हटलं की एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं ठरूनच जातं. त्याऐवजी एक खरा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. उदाहरणार्थ: दर पावसात जिथे पाणी शिरतं तिथल्या घरांनी राहायचं की हलायचं, हे कोण ठरवणार? हलायची वेळ आलीच तर कोणती घरं एकमेकांच्या शेजारी राहिली पाहिजेत? जे घर सोडून इथे आले त्यांच्याबरोबर पाणी, शाळा आणि काम आपण कसं वाटून घेणार?

मग माणसं मोजा. विस्थापनाच्या बोलण्यात सहसा तीन गट दिसतात: ज्यांना जावं लागेल असे, जाऊन आलेले, आणि ज्यांच्याकडे लोक येऊन राहिले ते. चौथा गट हमखास विसरला जातो. ज्यांना जायचं आहे पण जाता येत नाही असे लोक. पैसा नाही, घरात आजारी माणूस आहे, कागदपत्रं नाहीत. बैठकीला येण्याइतकी उसंतही याच लोकांकडे नसते. त्यांच्याकडे तुम्हाला जावं लागेल.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका सतरंजीवर बसवू नका. प्रत्येक गटाबरोबर एक-एक वेगळी बैठक झाली आणि लोकांना आपापल्या माणसांत बोलायची सवय लागली, की मग एकत्र आणा. एका बैठकीला बारा ते पंचवीस माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की धीट माणसं बोलतात आणि उरलेली प्रेक्षक होतात.

दुसरी पायरी: माहिती नीट तपासून घ्या

या विषयावर काही चुका वारंवार होतात. बैठकीत एखाद्यानं ती चूक पकडली की सगळ्या कामावरचा विश्वास उडतो.

पहिली चूक म्हणजे लोंढे सीमा ओलांडून येत आहेत असं चित्र रंगवणं. आपत्तीमुळे घर सोडणारे बहुतेक लोक आपल्याच देशात, बरेचदा जवळच्याच गावाशहरात जातात. अंतर्गत विस्थापनाची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्रानं 2022 साली आपत्तींमुळे देशांतर्गत विस्थापनाच्या 3 कोटी 26 लाख घटना मोजल्या. त्यांतल्या सुमारे 98 टक्के पूर, वादळं अशा हवामानाशी जोडलेल्या आपत्तींमुळे घडल्या. हा आकडा घर सोडण्याच्या घटनांचा आहे. एकाच माणसाला वर्षात दोनदा घर सोडावं लागलं तर ते दोनदा मोजलं जातं.

दुसरी चूक "हवामान निर्वासित" या शब्दाची. बोलताना तो तोंडात बसला असला तरी 1951 च्या निर्वासित करारात तो नाही. त्या करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे होणारा छळ हीच कारणं आहेत. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी बेटांवरच्या इओआने टेइटिओटा यांनी समुद्राच्या चढत्या पाण्याचं कारण देऊन न्यूझीलंडमध्ये संरक्षण मागितलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं त्यांचा दावा मान्य केला नाही. मात्र हवामान बदलामुळे जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत पाठवणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरू शकतं, हे तत्त्व समितीनं मान्य केलं. तो निर्णय 2020 च्या जानेवारीत जाहीर झाला. पोस्टरवर "निर्वासित" लिहिण्याआधी, ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना तो शब्द चालतो का, हे विचारा. अनेकांना तो अपमानाचा वाटतो.

तिसरी गोष्ट वेगाची. वादळ एका रात्रीत घर घेऊन जातं. विहिरीतलं पाणी खारट होणं, जमीन नापीक होत जाणं याला पंधरा-वीस वर्षं लागतात. अशा हळूहळू झालेल्या विस्थापनात घर सोडल्याचा एक असा दिवस नसतोच. माणूस म्हणतो, "मी कामासाठी आलो." तो खोटं बोलत नसतो. त्याला "तुम्ही कधी निघालात?" विचारण्यापेक्षा "आधी काय बंद पडलं?" असं विचारा.

चौथी गोष्ट कारणांची. प्रत्येक पुराला हवामान बदलच कारण असतो असं नाही. नाला बुजवला, बांध फुटला, नदीपात्रात बांधकामं झाली, ही कारणंही तितकीच खरी असतात. एखाद्या घटनेची शक्यता तापमानवाढीमुळे किती वाढली याचं गणित आता मांडता येतं आणि 2014 पासून वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन हा शास्त्रज्ञांचा गट ते काम करतो आहे. म्हणून "हवामान बदलामुळे झालं" यापेक्षा "हवामान बदलामुळे शक्यता वाढली" हे वाक्य बरोबर. बैठकीत कोणी "नाला बुजवला म्हणून पाणी आलं" म्हणालं तर त्याला खोडू नका. तो नाला नकाशावर काढायला सांगा.

भविष्याचा आकडा द्यायचाच असेल तर पुरा द्या. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालात 2050 पर्यंत जगाच्या सहा विभागांत मिळून 21 कोटी 60 लाखांपर्यंत लोकांना आपल्याच देशात हलावं लागू शकतं असा अंदाज आहे. वेळेत पावलं उचलली तर हा आकडा 80 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असंही त्याच अहवालात म्हटलं आहे. पहिलं वाक्य सगळीकडे ऐकू येतं, दुसरं क्वचितच. बोलणं मात्र त्या दुसऱ्या वाक्यावरून पुढे सरकतं.

तिसरी पायरी: हात लावण्याआधी ऐका, आणि विचारून घ्या

किमान दोन आठवडे काहीही बनवू नका. वस्तीतून चाला, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वयाच्या माणसांबरोबर. भिंतीवरच्या जुन्या पाण्याच्या खुणा कुठे आहेत, सावली कुठे उरली आहे, कोणतं झाड गेलं. एका वहीत लोकांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या: वाऱ्याचे, पाण्याचे, मातीचे, उकाड्याचे. पुढे कार्यक्रमात हेच शब्द वापरायचे आहेत. "हवामान बदल" हा शब्द लोकांनी स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नका.

संमतीचं काम इथेच उरकायचं. कोणाची गोष्ट कुठे वापरली जाईल, फोटो निघणार का, नाव लिहायचं का, बनवलेली वस्तू शेवटी कोणाची, हे आधी तोंडी समजावून सांगा आणि मग लिहून घ्या. दिलेली संमती कधीही मागे घेता येते, हेही त्यात असू द्या. ज्यांच्या राहण्याच्या कागदपत्रांचा प्रश्न आहे त्यांचे चेहरे आणि घराचा ठावठिकाणा कुठेही येऊ देऊ नका, ते हो म्हणाले तरी. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्या आणि मुलालाही विचारा.

आणि पैसे. छपाईला, मंडपाला आणि पाहुण्यांच्या येण्याजाण्याला पैसे असतात, पण ज्याची गोष्ट आहे त्याला "सहभागाचं समाधान" मिळतं. हे मला मुळीच पटत नाही. ज्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो त्यांना त्या वेळेचं मानधन द्या आणि ते अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा.

एक खेळ फार लोकप्रिय आहे: "दहा मिनिटांत घर सोडायचं असेल तर काय घ्याल?" ज्यांच्यावर ती वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी तो उपयोगी आहे. ज्यांच्यावर खरंच आली, त्यांच्यासमोर तो खेळू नका. त्यांनी काय घेतलं आणि काय राहून गेलं, हे त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

चौथी पायरी: माध्यम निवडा

2015 च्या पॅरिस हवामान परिषदेच्या निमित्तानं शहरात ठिकठिकाणी कलाकृती मांडल्या होत्या. लॉरा सोमर आणि क्रिस्तियान क्लोक्नर या संशोधकांनी त्यांतल्या 37 कलाकृती पाहणाऱ्या 874 जणांचे प्रतिसाद गोळा केले. उद्ध्वस्त जग दाखवणाऱ्या आणि गोड स्वप्न दाखवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारांपेक्षा वेगळ्या, मोजक्या कलाकृतींनी लोकांना सर्वांत जास्त हलवलं. त्या देखण्या होत्या आणि काय करता येईल हेही दाखवत होत्या. भीती दाखवली की लोक जागे होतात असं समजून केलेले बरेचसे देखावे म्हणूनच वाया जातात.

त्याच वेळी पॅरिसमध्ये कलाकार ओलाफुर एलियासन आणि भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांनी ग्रीनलंडच्या खाडीतून आणलेले बर्फाचे 12 प्रचंड तुकडे चौकात घड्याळासारखे मांडले होते. लोक त्यांना हात लावत, कान लावून आतले बुडबुडे फुटताना ऐकत. इतका बर्फ वाहून आणण्यावर टीका झाली. त्या कामाचा कार्बनचा हिशोब कलाकारांनी स्वतःच जाहीर केला होता. आपल्याला बर्फ आणायचा नाही. त्यातलं हात लावणं तेवढं घ्यायचं. खाली दिलेल्या सगळ्या पद्धती हातानं करायच्या आहेत.

रेष. कोणत्या उंचीवर आखायची हे आधी ठरवा, आणि ती उंची मनानं ठरवू नका. माझा आग्रह दोन रेषांचा आहे. एक वस्तीच्या आठवणीतली, म्हणजे आजवरचं सर्वांत मोठं पाणी कुठवर आलं होतं ती. दुसरी सरकारी पूरपातळीच्या किंवा भरतीच्या अंदाजातली. खरं बोलणं या दोन रेषांमधल्या पट्ट्यात होतं.

उंची मोजायला मोबाइलवर किंवा उपग्रहाच्या फुकट नकाशांवर विसंबू नका, त्यांत काही मीटरची चूक सहज असते. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप घ्या: पारदर्शक, दहा-पंधरा मीटर लांब. त्यात पाणी भरा आणि एकही बुडबुडा राहू देऊ नका. एका टोकाची पाण्याची पातळी माहीत असलेल्या खुणेला लावली की दुसऱ्या टोकाचं पाणी बरोबर त्याच उंचीला थांबतं. तिथे खूण करा आणि पुढच्या भिंतीकडे जा. प्रत्येक वेळी थोडीथोडी चूक साचत जाते, म्हणून फेरी पुरी करून पहिल्या खुणेपाशी परत या. दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. हे काम मुलं आणि म्हातारी माणसं मिळून फार छान करतात, आणि बोलणं तिथेच सुरू होतं.

साधी खडूची पूड किंवा चुनखडीची पूड वापरा. कळीचा चुना वापरू नका, त्यानं त्वचा आणि डोळे भाजतात. भिंतींवर सहज निघेल अशी कागदी टेप पुरते. रस्त्यासाठी स्थानिक प्रशासनाची आणि भिंतीसाठी घरमालकाची परवानगी घ्या. एक धोका नीट ध्यानात ठेवा. ज्यांच्या नावावर जागा नाही, त्यांना ही रेष म्हणजे उठवायची तयारी वाटू शकते, आणि कधीकधी ती भीती रास्त असते. म्हणून ही मोजणी सरकारी नाही हे जागोजागी लिहा. वस्ती नको म्हणाली तर रेष रद्द करा.

आखताना दोघं रेषेवर राहू द्या, दोघं बोलायला, एक लिहून घ्यायला. कोणी विचारलं तर उत्तर एका वाक्यात द्या. मग विचारा, "याआधी पाणी कुठवर आलं होतं?" आणि गप्प राहा. भाषण सुरू झालं की समोरचा निघून जातो. मायामीत 2013 मध्ये आणि ब्रिस्टलमध्ये 2014 मध्ये मोशरचाच उपक्रम झाला तेव्हा रेष आखायचं काम तिथल्या रहिवाशांनी हाती घेतलं. मला ते मूळ कामापेक्षाही पुढचं वाटतं.

रेष जमिनीवरच हवी असं नाही. स्कॉटलंडच्या नॉर्थ उइस्ट बेटावर पेक्का नीत्तुविर्ता आणि तिमो आहो यांनी 2018 मध्ये एका किनारी संग्रहालयाच्या भिंतींवर प्रकाशाच्या रेषा बसवल्या. भरती आली की त्या उजळत. आणि जिथे प्रश्न पुराचा नसून दुष्काळाचा आहे तिथे दोर घ्या. तो विहिरीच्या काठावरून आत सोडा आणि कोणत्या वर्षी पाणी किती खोल होतं ते आठवून, त्या-त्या उंचीला गाठी मारा. गाठ कुठे मारायची यावर होणारा वाद मन लावून ऐका.

आठवणीतल्या घराचा नकाशा. एकच पद्धत निवडायची झाली तर मी ही निवडेन. प्रत्येकाला मोठा कागद द्या. घराचं चित्र काढायला सांगू नका, "मला चित्र येत नाही" म्हणून निम्मे लोक तिथेच थांबतात. आतला आराखडा काढायला सांगा. सुरुवात दारापासून. मग पाणी कुठे ठेवायचे, चूल कुठे होती, कोण कुठे झोपायचं, ऊन कुठून यायचं. वीस मिनिटं पुरतात. मग शेजारच्याला त्या कागदावरून हिंडवून आणायचं, बोट ठेवून, वर्तमानकाळात: "या, इथून आत या, डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे." वर्तमानकाळाची ही एक अट सगळं बदलून टाकते. माणूस घराबद्दल सांगत नाही, तो घरात असतो.

आता त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि आजचं घर काढायला सांगा, शक्य तितकं त्याच मापात. दोन्ही कागद उजेडासमोर धरले की काय गेलं ते आपोआप दिसतं. अंगण नाही. दुसरं दार नाही. म्हातारीची खाट कुठेच बसत नाही.

शेवटी सगळे जुने आराखडे जमिनीवर जसे शेजारी होते तसे मांडा. वस्ती उभी राहते. आजच्या घरांचे कागद मांडले की तीच माणसं पांगलेली दिसतात. पुनर्वसनाच्या चर्चेत हा नकाशा पुरावा म्हणून ठेवता येतो: कोणाचं मूल कोण सांभाळायचं, रात्री-अपरात्री कोणाचं दार वाजवायचं. सरकारी यादीत घरं मोजली जातात, शेजार मोजला जात नाही. ज्यांना अजून हलायचं आहे त्यांच्यासाठी तर हे वेळेतच करावं. अमेरिकेतल्या लुइझियानात आइल डी जीन चार्ल्स या बेटाची 1955 पासून सुमारे 98 टक्के जमीन पाण्यात गेली. तिथल्या लोकांच्या स्थलांतरासाठी 2016 मध्ये 4 कोटी 80 लाख डॉलर मंजूर झाले, आणि पहिली कुटुंबं नव्या वसाहतीत पोचली ती 2022 मध्ये. एवढ्या वर्षांत लहान मुलं मोठी होतात आणि आठवणारी माणसं जातात.

कापड. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर, ज्यांची माणसं पकडून नाहीशी केली गेली अशा बायका चिंध्या आणि गोणपाट घेऊन आपली गोष्ट शिवत बसत. त्या कापडांना आर्पिएरा म्हणतात. आपण जे उचलायचं ते बसण्याची रीत. हात गुंतलेले आणि नजर सुईवर असली की जड गोष्टी तोंडातून सहज निघतात, कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. प्रत्येकी एक हात लांब-रुंद तुकडा द्या आणि सलग चार-पाच बैठका ठेवा. पहिल्या दोन बैठकांत कोणी फारसं बोललं नाही तरी घाबरू नका.

तापमानासाठी पट्ट्यांची पद्धत सोपी आहे. एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञानं 2018 मध्ये प्रत्येक वर्षाला एक उभी पट्टी देऊन, थंड वर्षं निळी आणि उष्ण वर्षं लाल, असं चित्र लोकांसमोर आणलं. हवामान खात्याकडून तुमच्या भागाचं वार्षिक सरासरी तापमान मिळवा, तशा कापडी पट्ट्या रंगवा आणि प्रत्येकाला त्याच्या जन्मवर्षाची पट्टी हातात देऊन ओळीनं उभं करा. आजी एका टोकाला, नातवंड दुसऱ्या टोकाला. मधली माणसं दोन्हीकडे बघतात.

फोटो. कॅरोलाइन वँग आणि मेरी अॅन बरिस यांनी 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि या पद्धतीला आकार दिला. आज मोबाइल पुरतो. आठवडाभरात पाच फोटो, विषय एक. मग प्रत्येक फोटोवर क्रमानं विचारायचं: इथे काय दिसतंय, खरं काय घडतंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आपण काय करू शकतो. दुसऱ्याचा चेहरा टिपायचा असेल तर विचारूनच.

थांबवता येणारं नाटक. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात घडवलेली ही रीत निर्णयांवर बोलायला सर्वांत उत्तम. दहा मिनिटांचं नाटुकलं बसवा. त्यात एक माणूस कोंडीत सापडतो आणि शेवटी हरतो: भाड्यानं घर मिळत नाही, अधिकारी जुन्या पत्त्याचा कागद मागतो, घरात जायचं की राहायचं यावर फूट पडते. नाटक एकदा पूर्ण दाखवा. दुसऱ्या खेपेला बघणाऱ्यांपैकी कोणीही "थांबा" म्हणून हरणाऱ्या पात्राच्या जागी यायचं आणि वेगळं वागून बघायचं. अन्याय करणाऱ्या पात्राची जागा घ्यायची नाही, कारण तो अचानक चांगला वागला तर प्रश्नच उरत नाही. सूत्रधारानं एकच गोष्ट बघायची: सुचवलेला उपाय खरा आहे की जादूचा? हे त्यानं स्वतः ठरवू नये, लोकांना विचारावं.

ज्यांच्याकडे लोक येऊन राहिले आहेत, अशा वस्तीसाठी एक वेगळी वाट आहे. 2021 मध्ये साडेतीन मीटर उंचीची एक बाहुली, छोटी अमल, तुर्कस्तानातून सुमारे 8,000 किलोमीटरचा प्रवास करत इंग्लंडमधल्या मँचेस्टरला पोचली. ती दहा वर्षांची सीरियन निर्वासित मुलगी होती. वाटेतल्या प्रत्येक गावाला तिचं स्वागत कसं करायचं हे ठरवावं लागलं. ग्रीसमध्ये तिच्यावर दगडही आले. म्हणजे संवादाला विरोधही धरूनच चालायचं असतं. बांबू आणि कापडाची एक पाहुणी बनवा आणि वस्तीला एवढंच विचारा: ही पहिल्या रात्री कुठे राहील?

पाचवी पायरी: बोलणं चालवणं

गोल बसा, मध्ये बनवलेली वस्तू. मंच नको, मान्यवर नकोत, माइकही शक्यतो नको. एकूण दीड तास. लोक दोन वेगळ्या भाषांचे असतील तर वेळ दुप्पट धरा आणि दुभाष्या आधीच ठरवा, घरातल्या लहान मुलाला दुभाष्या करू नका. आईबापांचं दुःख त्याच्या तोंडून वदवणं क्रूर आहे.

पहिल्या फेरीत मत नको, फक्त काय दिसतं ते. दुसऱ्या फेरीत काय आठवलं ते. मग काय राहून गेलं किंवा जाईल. आपल्या हातात काय आहे आणि कोणाला जाब विचारायचा, हे सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन फेऱ्या गाळून थेट उपायांवर उडी मारली की तेच तेच चार जण बोलतात. प्रश्न विचारल्यावर मनात हळूहळू दहापर्यंत आकडे मोजा. शांतता तुम्हाला जितकी लांब वाटते तितकी ती इतरांना वाटत नाही.

कोणी रडलं तर घाईनं समजूत घालू नका. पाणी द्या, थांबा, पुढे बोलायचं का विचारा. ऐकून घेणारी एक जाणती व्यक्ती बाजूला मोकळी ठेवा. कोणी "असं पूर्वीही व्हायचं" म्हणालं तर "कधी? किती वेळा?" असं विचारा आणि उत्तर नकाशावर नोंदवा. कोणी आलेल्या लोकांवर राग काढला, तर तो राग नेमका कशाचा आहे ते शोधा: पाण्याच्या रांगेचा, भाड्याचा की कमी झालेल्या मजुरीचा? बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची तक्रार एकाच टंचाईबद्दल असते. पण कोणाच्या माणूसपणावर बोट ठेवलं गेलं तर तिथे स्पष्टपणे थांबवा. तटस्थ राहायच्या नादात गप्प बसलात तर ज्याला लागलं तो पुन्हा येणार नाही.

सहावी पायरी: नंतरचं काम

बरेचसे उपक्रम इथेच संपतात. फोटो निघतात, अहवाल जातो, आणि वस्तीला वाटतं की आपलं दुःख कोणीतरी घेऊन गेलं. म्हणून तीन गोष्टी कार्यक्रमाच्या आधीच ठरवा. बनवलेली वस्तू कुठे आणि कोणाच्या ताब्यात राहील. लोकांनी म्हटलेलं कोणापुढे मांडायचं, आणि त्या व्यक्तीनं दुसऱ्या बैठकीला येण्याचं आधी कबूल केलं आहे का. आणि दुसऱ्या बैठकीची तारीख. मी ती चार आठवड्यांच्या आतली ठेवते.

यश मोजायचं तर हजेरी मोजू नका. तुमच्याशिवाय बोलणं चालू राहिलं का ते बघा. रेष पुसली गेल्यावर कोणी ती परत आखली का? नकाशावर नंतर कोणी नवं घर वाढवलं का? पहिल्या बैठकीत गप्प बसलेल्यांपैकी दुसऱ्या बैठकीत कोण बोललं, त्यांची नावं न लिहिता नुसती संख्या लिहून ठेवा.

दुसऱ्या बैठकीत सुरुवातीलाच वहीतले लोकांचे शब्द वाचून दाखवा आणि चुकलेलं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. मग नकाशा पुन्हा जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा, आणि पेन्सिल जो अजून बोललेला नाही त्याच्या हातात द्या.